बत्तिसावा शर्ट

पांढऱ्या शर्टांत कसला आलाय फरक, असं म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता देतो. दुधी, मोतिया, निळसर, कडक पांढरा, खिशाचा, बिनखिशाचा. माझ्याकडे असे एकतीस शर्ट आहेत आणि त्यांतले कुठलेही दोन सारखे नाहीत. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं फायली तपासल्यात मी. बारकावे मला कुणी शिकवू नयेत.

माझी बायको जया हिला मात्र एकच शर्ट एकतीस वेळा टांगल्यासारखा दिसतो. मागच्या वर्षी कपाटाचं दार लागेना, तेव्हा तिने शांतपणे जाहीर केलं, "अहो, बत्तिसावा शर्ट घरात आला की मी चैतालीकडे जाणार हिंजवडीला. तुम्ही बसा शर्टांशी गप्पा मारत." चैताली आमची मुलगी. जया बोलते तसं करते, म्हणून मी घाबरलो.

पण नुसतं घाबरून शर्ट घेणं थांबत नाही. लक्ष्मी रोडला मी आपला बघायला म्हणून जातो. दुकानदार घडी मोडतो, कोऱ्या कापडाचा वास येतो, आणि वाटतं, हा अंगात घातला की आजपासून रामदास कांबळे वेगळाच माणूस. धायरीची बस येईपर्यंत रामदास कांबळे जुनाच असतो आणि हातात पिशवी असते.

तेव्हा मी तोडगा काढला. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी कचरूचं इस्त्रीचं टेबल आहे. नवा शर्ट मी परस्पर त्याच्याकडे द्यायचा. त्याने टाचण्या आणि पुठ्ठा काढून इस्त्री करायची आणि आमच्या गठ्ठ्यात तो सरकवायचा. जया कपडे मोजून देते, मोजून घेते. म्हणून गठ्ठ्यात मी सगळ्यात वर ठेवलेला जुना शर्ट कचरूने ठेवून घ्यायचा. सहा गेले, सहा आले. वर्षभर या योजनेत एकही त्रुटी निघाली नाही.

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी जया म्हणाली, "उद्या विहारात मी शिवलेला शर्ट घाला. आता कुठे तो तुम्हाला बसेल."

लग्नाच्या पहिल्या वर्षी शिवणक्लासात शिकून तिने तो शिवला होता. तेव्हा त्यात माझ्यासारखे दोन मावले असते. डावी बाही अर्धा इंच आखूड होती, पण विहारात सगळ्यांना दाखवत फिरलो होतो मी.

कपाट उघडलं. शर्ट नव्हता. आणि मला एकदम आठवलं. मागच्या आठवड्यात जया आंघोळीला गेली होती, तेवढ्यात मी घाईघाईने सगळ्यात पिवळट शर्ट ओढून गठ्ठ्यावर ठेवला होता. बाही बघितलीच नव्हती. पायांत चपला सरकवून मी खाली पळालो.

"कचरू, मागच्या आठवड्यातला जुना शर्ट कुठाय?"

"हितंच हाय की, साहेब." त्याने टेबलावर थाप मारली. "वरचं कापड जळालं व्हतं. म्हनलं, ह्यो शर्ट दणकट हाय, घालावा."

मी वाकून बघितलं. शर्ट टेबलावर पालथा ताणला होता आणि बाह्या खालून एकमेकींना बांधल्या होत्या. डावी बाही पुरत नव्हती म्हणून तिला सुतळी जोडली होती. पाठीवर मधोमध इस्त्रीचा तपकिरी डाग होता. मला इतकी लाज वाटली की कचरूकडे वर बघवेना. सुतळी मीच सोडली.

घरी येऊन शर्ट जयापुढे ठेवला. तिने डाव्या बाहीवरून हात फिरवला.

"असे किती दिलेत त्याला?"

"नऊ."

"मला आठच माहीत होते. कचरू टाचण्या काढतो, पण दर वेळी एक राहतेच. आठ जमल्यात माझ्या डबीत." मग तिचा आवाज बदलला. "आठ वेळा म्हटलं, जाऊ दे. हा मी शिवला होता हो."

सबब सांगण्यात माझी हयात गेली आहे. त्या वेळी मात्र "चुकलो," एवढंच म्हणालो.

तिने डोळे पुसले, कपाटातले शर्ट मोजले आणि म्हणाली, "हा धरून बत्तीस."

"म्हणजे तू आता चैतालीकडे..."

"मी का जाऊ? माझा शर्ट घरी आलाय. जायचं तर त्या एकतिसांनी जावं. कचरूचं टेबल उघडं पडलं असेल, त्याला एक नेऊन द्या. तुम्हीच निवडा, तुम्हाला फरक कळतो."

मी कपाटापुढे उभा राहिलो. दुधी कुठला, मोतिया कुठला? दिवा लावला, चष्मा पुसला. खरं सांगतो, सगळे सारखे दिसत होते. एकाची घडी उचलून पाहिली, दुसऱ्याची उचलली, आणि तिसऱ्याला हात घालताच बोटात काहीतरी टोचलं. नववी टाचणी. जयाने डबी पुढे केली. शर्ट मी कचरूला देऊन आलो.

सकाळी विहारात आखूड बाही ओढत बसलो होतो. शर्ट अगदी बेताचा बसला होता. मागून आमच्या सोसायटीतले वैजनाथ सोनवणे वाकले आणि हळूच म्हणाले, "रामदासराव, पाठीवर काय हो हे? डिझाइन का? नवा घेतलात वाटतं."

मी तोंड उघडायच्या आत पलीकडच्या रांगेतून जया म्हणाली, "जुनाच आहे. मी शिवलाय."