रताळ्यांच्या टोपलीतला कांदा

मित्रांनो, मी एक जुना गॉल्जी पिंड, म्हणजे पेशीतला माल बांधून धाडणारा इवला भाग आहे. नावाला हसू नका! सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदजवळच्या खेड्यातल्या कलाबाईच्या यकृतात, एका पेशीत माझी वखार आहे. मी साध्या डोळ्यांना दिसत नाही. शहाणे लोक तर कितीतरी वर्षं म्हणत होते, की मी नाहीच! घ्या!

माझं काम नाजूक. शेजारी प्रथिनं तयार होतात आणि इवल्या पिशव्यांत बसून माझ्याकडे येतात. मी त्यांना साखरेचे कण जोडतो. माल रक्तात पाठवायचा की पेशीतच ठेवायचा, हे अशा खुणांवरून ठरतं. चुकून आलेली पिशवी मी आल्या पावली परत धाडतो. पिशव्यांच्या येण्याजाण्याला बारीक नळ्यांच्या पांदणी असतात.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. तेव्हाच्या एका एकादशीला कलाबाईने टोपलीतली रताळी उकडून खाल्ली. सांजेपर्यंत ओकाऱ्या सुरू झाल्या. आणि माझ्याकडे काय झालं म्हणता? अहो, पांदणीच मोडल्या! पिशव्या जागीच अडल्या, माझे एकावर एक रचलेले थर पेशीभर पांगले. मी हादरूनच गेलो.

तिची सासू झुंबरबाई सुईण होती. ती घाबरून म्हणाली, "काय खाल्लं वं तू?"

"रताळंच त खाल्लं, आत्याबाई."

झुंबरबाईने टोपली उपडी केली आणि कपाळ बडवून घेतलं. "अवं माय! कळलावीचा कांदा कुठी गेला? अडल्या बाईच्या पायाले लावाले म्याच इथं ठेवला होता!"

कळलावी ही रानवेल; तिचा कांदा म्हणजे दिसायला रताळ्यासारखा कंद, पण जहर! आणि ठेवला कुठे, तर रताळ्यांत!

बैलगाडीतून कलाबाईला दवाखान्यात नेलं. ती आता जाते, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. पण हळूहळू विष उतरलं, नळ्या जुळल्या, मी सावरलो. पुढे तिचे केस पुंजक्यांनी झडले, तरी जीव राहिला.

आणि बरी होऊन ती चुलीपाशी गेली, तर टोपलीत रताळी आणि त्यांच्यातच नवा कांदा! माझा तर विश्वासच बसेना.

"आत्याबाई, पुन्हा इथंच?"

"मंग कुठी ठेवू? इथंच ठेवत आली मी."

कलाबाईने डोक्यावरचा पदर खाली घेतला. ते बोडकं डोकं पाहून झुंबरबाईने टोपलीतला कांदा उचलला. मग तिनेच लाल चिंधी फाडली, कांद्याला बांधली आणि तो आढ्याला टांगला.

मित्रांनो, मला डोळे नाहीत, तरी मी खूण केल्याशिवाय माल सोडत नाही. तुम्हाला तर डोळे आहेत. औषध आणि अन्न एका टोपलीत ठेवू नका हो!