वाजलं की फुटलं

"साडेअकरा," मुलगा म्हणाला.

माझी पाठपिशवी खांद्याला अडकवून तो वजनकाट्यावर उभा होता. आकड्यातून स्वतःचं वजन वजा करून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला मुळीच आवडलं नाही. वाईट बातमी सांगताना माणसाने इतकं खूश दिसू नये.

"परत बघ," मी म्हटलं.

"परत बघून काय होणार? यात्रेच्या पत्रकात काय लिहिलंय? पाठीवर सहा किलोच्या वर नको. आई, ही पिशवी घेऊन तू एकोणीस दिवस चालणार? ही घेऊन तू कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत पोचलीस तरी पुष्कळ झालं."

"मला दवाखान्यात जायचंच नाहीये. देवाला जायचंय."

"मग जरा जवळचा देव निवडायचा."

आत कपड्यांच्या घड्या घालणारी सून खुदकन हसली. मी तिच्याकडे पाहिल्यावर तिने चादर तोंडासमोर धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमची पायी यात्रा निघणार होती. रोज वीसेक किलोमीटर चालायचं, मिळेल तिथे मुक्काम करायचा आणि एकोणिसाव्या दिवशी डोंगर चढून देवळात. नाव मी चार महिन्यांपूर्वीच नोंदवलं होतं. घरी सांगितलं मात्र तीन आठवड्यांपूर्वी, कारण मला माझ्या घरातली माणसं ठाऊक आहेत.

पिशवी जड का झाली हे समजायला माझी नोकरी समजायला हवी. मी बत्तीस वर्षं काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. पेले, बरण्या, दिव्यांच्या काचा. आमच्याकडे नियम एकच: वाजलं की फुटलं. खोकं भरून झालं की कानाशी धरून हलवायचं. आत किणकिणलं तर समजायचं, कुठेतरी जागा राहिली, आणि जागा राहिली की माल वाटेत फुटणार. मग पुन्हा उघडायचं, रद्दीचे बोळे कोंबायचे, पुन्हा हलवायचं. माझं खोकं कधी वाजलं नाही. म्हणून कारखान्यात मला 'मुकी' म्हणायचे. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, आणि नाव मुकी! माझ्या हातची खोकी समुद्र ओलांडून गेली. मी मात्र घर ते कारखाना आणि कारखाना ते घर. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं, आता एकदा आपणही कुठेतरी पोचायचं, आणि तेही कुणी पोचवून नाही.

आता अशा बाईच्या हातात पिशवी दिली आणि तिला कोपऱ्यात रिकामी जागा दिसली, तर हात गप्प बसेल का? छत्रीच्या बाजूला जागा होती, तिथे गरम पाण्याची रबरी पिशवी बसली. तिच्या खाली सुई-दोऱ्याचा डबा. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत तेलाची बाटली. त्यात मुलाने विजेरी आणून दिली, माझी एक होतीच. सून औषधांच्या दुकानात कामाला आहे, तिने सकाळ-दुपार-रात्र असे खण असलेली भलीमोठी पेटी दिली. सगळं बसलं. मी पिशवी कानाशी धरून हलवली, हूं की चूं नाही. मला केवढा अभिमान वाटला होता!

"आणि चक्कर आली म्हणजे?" मुलगा पिशवी उतरवत म्हणाला.

मागच्या थंडीत मी एकदा बाजारात चक्कर येऊन पडले होते. एकदाच. उपाशीपोटी गेले होते आणि उन्हात उभी राहिले, दुसरं काही नाही. पण त्या दिवसापासून घरात माझा दर्जाच बदलला. खोक्यांवर मी जो लाल कागद चिकटवायचे, 'नाजूक माल, सांभाळून हाताळा', तो ह्या लोकांनी माझ्या कपाळावर चिकटवला. आई गुडघे सांभाळ, जिना सावकाश उतर. आई ती बादली राहू दे. आई तू बस.

"आणि बाबांचं कोण बघणार?"

हा त्याचा हुकमाचा एक्का.

ह्यांची नजर तीन वर्षांपूर्वी गेली. आधी कडांनी गेली, मग मधली. चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले, उलटी अक्षरं सुलटी वाचली, आणि आता उजेड की अंधार तेवढं कळतं. तेव्हापासून ह्यांचं सगळं माझ्याकडे आहे. पाण्याचा पेला उजव्या हाताला, एक वीत अंतरावर. चपला पलंगाखाली, टाचा भिंतीकडे. शर्टाची बटणं मी लावते, नखं मी कापते. हे उठायला लागले की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "बसा, मी आणते." आत्ताही हे खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर रेडिओ घेऊन बसले होते. आम्ही ह्यांच्याबद्दल तावातावाने बोलत होतो, पण ह्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

"तुम्ही दोघं आहात की," मी म्हटलं.

"सकाळ-संध्याकाळ आहोत. दुपारचं काय? दहा ते पाच?"

"शेजारीण मधूनमधून डोकावून जाईल. मी बोललेय तिच्याशी."

"डोकावून? बाबा काय दूध आहेत का, उतू जातंय का बघायला?"

मी पिशवी उचलली आणि सगळ्यांसमोर जमिनीवर उपडी केली. छत्री बाजूला, रबरी पिशवी बाजूला. बूट बाहेर, ते पायातच जायचे. कपड्यांच्या पाच जोडांतले तीन बाजूला. विजेरी एकच. सून कात्री घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. तिने गोळ्यांच्या पट्ट्यांतून एकोणीस दिवसांपुरते तुकडे कापले, एका छोट्या थैलीत घातले आणि ती मोठी पेटी नवऱ्याच्या पायाशी ठेवली.

"तू पण?" तो म्हणाला.

"मी फक्त वजन कमी करतेय," ती म्हणाली.

पाच किलो आठशे भरलं. मुलगा तोंड पाडून बाहेर निघून गेला. मी जिंकले होते.

आणि मग भीती आली. भांडण चालू असतं तोवर भीतीला आत शिरायला फट नसते, घर शांत झालं की ती येते. तासाभरात तीन वेळा संडासला जाऊन आले. वाटेत पाय मुरगळला तर? रात्री परक्या ठिकाणी जाग आली आणि कुठे आहोत तेच कळलं नाही तर? मी आमच्या मुकादमबाईंना फोन लावला. कारखान्यात त्या माझ्या वर होत्या, आणि ही यात्रा त्यांनी दोनदा केली आहे.

"अगं मुके, पोट बिघडणारच," त्या म्हणाल्या. "मी पहिल्या खेपेला पाच वेळा गेले होते. देव बोलावण्याआधी माणसाला आतून रिकामं करून घेतो."

"पण बाई, पिशवी वाजतेय हो."

"काय?"

"वाजतेय. हलवली की बाटली आणि विजेरी एकमेकींवर आपटतात."

"वाजू दे की! तुझे कपडे आहेत ते, माल नाही. हे बघ, हाताला काहीतरी काम दे. हात चालले की डोकं गप्प बसतं."

हाताला काम म्हणजे मला एकच येतं. कपाटातले सहा पेले काढले, रद्दीचा गठ्ठा घेतला आणि जमिनीवर बसले. कागद तिरका धरायचा, पेला आडवा ठेवायचा, दोन वेढे द्यायचे आणि उरलेलं टोक पेल्याच्या तोंडात खुपसायचं. सहा गुंडाळले, सहा सोडवले, पुन्हा गुंडाळले. तिसऱ्या खेपेला श्वास सरळ झाला. पोटही थांबलं. पेले जागेवर ठेवून मी तासभर गाढ झोपले.

संध्याकाळी मुलगा आला तो थेट पिशवीकडे. ती पुन्हा टम्म फुगलेली बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"परत काय भरलंस?"

"काही नाही. तुझ्यादेखतच तर भरली."

त्याने नाडी सोडली. आत हात घातला आणि कागदाचा एक बोळा काढला. मग दुसरा. मग चार, मग सात. बाटलीभोवती, कपड्यांच्या मध्ये, कोपऱ्या-कोपऱ्यात, दाबून बसवलेले, अगदी कारखान्यात असायचे तसे. देवाशपथ सांगते, ते मी कधी भरले ते मला आठवत नव्हतं. हातांनी परस्पर केलेला कारभार होता तो.

"हे काय? वाटेत वाचायला?"

आधी सून हसली, मग तो, मग मी. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. रेडिओच्या आवाजातून ह्यांचंही हसणं ऐकू आलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला, माझा हात हातात घेतला आणि लहान पोराची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाला, "आई, राहू दे ना. बघतेस ना काय होतंय तुझं? पुढच्या वर्षी आम्ही गाडीने नेऊ तुला. अगदी देवळाच्या दारापर्यंत."

तो ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं. त्या मऊ आवाजाने माझं डोकं फिरलं.

"दारापर्यंत नेऊन ठेवायला मी काय पार्सल आहे?" मी हात सोडवून घेतला. "बत्तीस वर्षांत माझं एक खोकं फुटून परत आलं नाही. तुला ताप आला तरी मी कारखान्यातली पाळी चुकवली नाही. दोन मैल चालत जायचे, दोन मैल परत, कडेवर तू. तेव्हा कुणाला माझ्या गुडघ्याची काळजी नव्हती. आता चालायचं म्हटलं की तुम्हाला माझे गुडघे आठवतात! मी घाबरलेय. हो, घाबरलेय. घाबरलेल्या माणसाने चालू नये असं त्या पत्रकात लिहिलंय का? दाखव मला."

मुलगा खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नाही लिहिलेलं. पण दुपारी बाबांचं कोण बघणार, एवढंच सांग. मी लगेच गप्प बसतो."

तो वाईट नाही हो. खरं तेच विचारत होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, चाळीस वर्षांच्या संसारात एक शब्द तरी माझ्या बाजूने बोलतील.

"जरा हळू बोलता का?" हे म्हणाले. "बातम्या लागल्यात."

मला फार लागलं ते. मी कागदाचे बोळे गोळा केले, एकेक उलगडून सरळ केला आणि रद्दीत ठेवला. पिशवी दाराशी नेऊन ठेवली, पण ती नुसती दाखवायला. मनातून मी हरले होते. सकाळी उठायचं, आंघोळ करायची आणि गुडघा सुजलाय म्हणून सांगायचं, असं मी ठरवूनसुद्धा टाकलं. हरायचंच तर गुडघ्याकडून हरावं, मुलाकडून नको.

सकाळी पाचला जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. सून उठली असेल म्हणून गेले, तर शेगडीपाशी हे उभे. दिवा लावलेला नव्हता. ह्यांना त्याची गरज नाही, आणि खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता. पातेल्यात चहा उकळत होता.

"अहो! बसा तुम्ही, मी करते."

"दोन पावलं मागे हो," हे म्हणाले. "मध्ये कुणी आलं की माझा हिशेब चुकतो."

मी मागे झाले. ह्यांनी हात फिरवून कप शोधला. कपाच्या कडेवरून तर्जनीचं टोक आत सोडलं आणि दुसऱ्या हाताने पातेलं तिरकं केलं. चहा वर चढत बोटाला लागला, तेव्हा ओतणं थांबवलं. कपाळावर आठीसुद्धा नाही. मग दुसरा कप, तसाच. एक थेंब सांडला नाही. मी दिवा लावला आणि ते बोट हातात घेऊन बघितलं. टोक लालबुंद झालं होतं, आणि त्या लालीच्या आसपास जुने डाग होते, भरून आलेले, एक नव्हे, पाच-सहा. ही नखं दर आठवड्याला मी कापते. मला ते कधी दिसले नव्हते.

"कधी शिकलात हे?"

"दुपारी. तू झोपतेस तेव्हा. महिना झाला."

"मग काल बोलला का नाहीत? तो पोरगा घसा फोडून विचारत होता."

"बोलून काय उपयोग? तुम्ही सगळे म्हणाला असतात, बसा, आम्ही करतो." ह्यांनी कप माझ्यापुढे सरकवला, बरोबर माझ्या हातापर्यंत. "आणि महिन्यापूर्वी सांगितलं असतं, तर तू मला करू दिलं असतंस?"

मी काही बोलले नाही. ह्यांना ते नीट ऐकू गेलं असावं.

"काल दिवसभर एकच चाललं होतं. कोण बघणार, कोण बघणार." हे आपल्या कपावर फुंकर घालत म्हणाले, "माझं मी बघीन. तू नीघ. सहाला जमायचंय ना तुम्हाला?"

मी उभ्याउभ्याच चहा प्यायले. चांगला झाला होता. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगला झाला होता, आणि ते मला जरा बोचलं. मग मी गुडघ्याला पट्टा बांधला, पिशवी पाठीला लावली. ह्यांनी निरोपाचं काही म्हटलं नाही. कप विसळायला घेतला.

स्वयंपाकघरातून निघताना सवयीने माझा हात शेगडीच्या बटणाकडे गेला, नीट बंद केलंय की नाही ते बघायला. मी तो मागे घेतला आणि बाहेर येऊन बूट घातले.