कोरडा बोळा

एलस्पेथनं काडीच्या टोकाला कापूस वळला, सवयीनं जिभेवर फिरवला आणि बाहेर काढून पाहिला. जसा गेला तसाच आला, कोरडा ठाक.

तिनं दाराकडे नजर टाकली. संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मग एप्रनच्या खिशातून पाण्याची छोटी बाटली काढून तिनं बोळा चोरून बुडवला.

समोरचं चित्र इथल्याच, डनेडिनच्या बंदराचं होतं. धक्क्यावर एक बाई पाठमोरी उभी. पिढ्यान्पिढ्या पबच्या भिंतीवर टांगल्यानं तंबाखूच्या धुरात चित्र पार चहाच्या गाळासारखं झालेलं. असला चिकट मळ थुंकीनं निघतो. ऐकणाऱ्याला किळस येते, येऊ दे बापडी. लाळ ऊबदार असते, दाट असते, मळाला धरते आणि रंगाच्या भेगांत पाण्यासारखी पटकन उतरत नाही. बाजारात बाटलीत मिळणारी नकली लाळ इथे चालली नव्हती. आणि एलस्पेथची थुंकी म्हणजे, सगळे चेष्टेनं म्हणत, संग्रहालयाची मालमत्ता!

मग घशाचा कॅन्सर निघाला. किरणांचे शेक घेतले. गाठ गेली, आवाज वाचला, तोंडातला ओलावा मात्र कायमचा गेला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहेस. तिनं मान डोलावली आणि कामावर कोणाला काही सांगितलं नाही. हे काम गेलं तर मागे काय उरणार होतं? एकटीचं घर, आणि चहात बुडवल्याशिवाय घशाखाली न उतरणारा चीज रोल.

तिनं बोळा आकाशावर फिरवला. पाणी भेगेत शिरलं. ते शिरताना तिला दिसलं, पण हात थांबेपर्यंत नखाएवढा निळा पापुद्रा उचलून कापसावर आला. खालचं पांढरं अस्तर उघडं पडलं.

"अगं, थांब!"

नायरी दारात उभी होती. शेजारच्या टेबलावर कागदावरची चित्रं सांभाळणारी, इतक्या वर्षांची सोबतीण. तिनं बाटली पाहिली. कोरड्या बोळ्यांचा ढीग पाहिला.

"कधीपासून?"

"शेक घेतले तेव्हापासून."

"आणि तू मूग गिळून बसलीस? मूर्ख बाई!" नायरीचा आवाज चिरकला. "आपला साहेब येतोय आत्ता बघायला. ॲलिस्टरनं हे पाहिलं तर चित्र दुरुस्तीला ऑकलंडला पाठवेल."

"आणि मला घरी."

नायरी आत आली. स्टूल ओढून तिनं नवा बोळा वळला, तोंडात घोळवला आणि पुढे केला.

"घे. हात तुझा, थुंकी माझी. नाक मुरडू नकोस, दात घासलेत सकाळी."

एलस्पेथला हसू फुटलं. बोळा कोमट होता. हे ती विसरूनच गेली होती. चित्रातल्या बाईच्या खांद्यावर तो फिरला, तपकिरी मळ उतरला आणि खालून तांबडी शाल निघाली. इतकी वर्षं ती शाल कोणाला ठाऊक नव्हती.

"बघ! हात अजून तसाच आहे तुझा," नायरी म्हणाली.

दोघी काम करत राहिल्या. एक बोळा, दुसरा बोळा. एलस्पेथला वाटलं, निभेल. असंच निभेल.

"बाई गं, तोंडाला कोरड पडली माझ्या," नायरी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. "म्हणजे... तसं नव्हे गं."

"पाणी पी."

नायरीनं तीच बाटली उचलून दोन घोट घेतले, तोंडात जीभ फिरवली. पुढचा बोळा ओलाचिंब निघाला.

एलस्पेथ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला हेवा वाटला. जिवाभावाच्या मैत्रिणीचा, दोन घोट पाण्याचा. तो असा काही भडभडून आला की तिनं हातातली काडी खाली ठेवली.

बाहेर ॲलिस्टरचा आवाज ऐकू आला.

"घे ना लवकर! नीट बस. पापुद्रा निघालाय तिथे मी आडोशाला उभी राहते," नायरी कुजबुजली.

एलस्पेथनं बोळा घेतला नाही. कपाळावरचं भिंग उतरवून तिनं नायरीच्या डोक्याला बांधलं, पट्टा आवळला आणि स्वतःच्या जागेवर तिला बसवलं.

"शाल खांद्याकडून खाली साफ करत जा," ती म्हणाली. "घाई करू नकोस."

मग निळा पापुद्रा चिकटलेला तो बोळा उचलून ती स्वतःच ॲलिस्टरला दाखवायला दाराकडे गेली.