पोस्टातली माणसं

वारज्याच्या फ्लॅटमध्ये हेमाताई खरवंडीकरांचं सकाळपासून आतबाहेर चाललं होतं. पीएचडी करणारी शर्मिला येणार होती. देशाचं गुप्तचर खातं नव्यानं उभं राहताना प्राध्यापकांचा हात किती होता, हा तिचा विषय. तरुणपणी हेमाताई कॉलेजात तिबेटी शिकवत, तेव्हा दिल्लीहून काही तरुण त्यांच्याकडे शिकायला आले होते. कुठं बोलायचं नाही, एवढीच अट. हेमाताईंनी ती नवऱ्यापाशी, अनंतरावांपाशीसुद्धा पाळली. त्या शिकवण्याचं पुढं काय झालं, हे मात्र त्यांना कुणीच कळवलं नव्हतं.

शर्मिलासोबत तिचे आजोबाही आले. दारातच ते हात जोडून तिबेटीत बोलले.

"सुखदेव! अरे, तू?" हेमाताईंनी आवाजावरून ओळखलं.

"मीच, बाई. रिटायर होऊन खडकीला असतो. इतकं जुनं बोलायला आता हरकत नाही."

अनंतरावांनी पेपर खाली ठेवला. "पोस्टातली माणसं शिकायला येतात, असं तू मला सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं खरं."

"तरीच. तिबेटला एवढी पत्रं कोण पाठवतं, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता."

सगळे हसले. चहा घेता घेता सुखदेव सांगू लागले. त्यांची पहिलीच नेमणूक सरहद्दीवर होती. एका मठापाशी परकं सैन्य जमल्याच्या तीन बातम्या तीन माणसांकडून आल्या. वरिष्ठ लगेच तुकडी पाठवायला निघाले. ऐन बर्फात.

"पण तिन्हींत मठाचं नाव एकाच तऱ्हेनं चुकलेलं. तुम्ही वर्गात जुन्या पोथ्या समोर ठेवून शिकवलं होतंत, चूक सारखी असेल तर नकलाही एकाच मुळाच्या. मी साहेबांना म्हटलं, बातमी एकच आहे, तीन तोंडांनी आलीय. बोलणी खाल्ली, पण तुकडी थांबली. नंतर कळलं, जत्रा होती."

"आणि तुकडीतली ती मुलं?"

"सगळी खाली तळावरच राहिली, बाई. सुखरूप."

हेमाताई पदरानं चष्मा पुसत राहिल्या. व्याकरण शिकवलं, पोथ्या वाचून घेतल्या, एवढंच त्यांना आपलं काम वाटत आलं होतं. आज त्या मुलांची नावंही ठाऊक नसताना ती त्यांना आपली वाटली.

"शर्मिला, विचार काय विचारायचं ते," त्या सावरून बसत म्हणाल्या. "आणि अहो, आज स्वयंपाक तुमच्याकडे. दोघं जेवूनच जातील."