जनरलसाहेबांची माघार

माझ्या सासूबाई निवृत्त राजदूत. आयुष्यभर परक्या देशांतल्या माणसांशी गोड बोलून घेतलं आणि उरलेलं सगळं आमच्यासाठी ठेवलं, असं माझा नवरा म्हणतो. तो त्यांचाच मुलगा, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क आहे. मी सून, मी नुसती मान हलवते.

त्या वर्षी शेजारच्या देशाने आपली एक गस्तीची बोट पकडली. बोटीवर अकरा खलाशी होते. शेजाऱ्यांचं म्हणणं, बोट त्यांच्या हद्दीत शिरली. आपलं म्हणणं, हद्दच सरकली. मी शाळेत भूगोल शिकवते, पण समुद्रावरची रेघ नेमकी कुठे असते हे मलाही मुलांना धड सांगता येईना. टीव्हीवर मात्र सगळ्यांना सगळं माहीत होतं. एका वाहिनीने दर बुधवारी संध्याकाळी चर्चा सुरू केली आणि तिला नाव दिलं ‘बाँब की बैठक?’ बैठकीच्या बाजूने आमच्या आई, म्हणजे सासूबाई, आणि बाँबच्या बाजूने एक निवृत्त जनरल.

आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलेली. म्हणून त्यांना स्टुडिओत न्यायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं होतं, दोन वाघ एका पिंजऱ्यात बघायला मिळतील. मेकअपच्या खोलीत पाहते तर काय, दोघं शेजारशेजारच्या खुर्च्यांत, कॉलरमध्ये टिश्यू खोचलेले, तोंडावर पावडरचा थर, आणि जनरलसाहेब संत्रं सोलून एकेक फोड आईंच्या हातावर ठेवतायत.

“बाई, आज माझी गय करू नका,” ते म्हणाले.

“मी कधी केली?” आईंनी बी टिश्यूत टाकली.

स्टुडिओत गेल्यावर दोघांचे चेहरेच बदलले. जनरलसाहेब टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “तुम्ही चहा पीत बोलत बसा. तुम्ही जितके दिवस बोलाल तितके दिवस ते किनाऱ्यावर तोफा रचतील. एकदा दणका बसला की पुढची बोट पकडायच्या आधी दहादा विचार करतील.” आई अगदी थंडपणे म्हणाल्या, “दणका द्यायला अर्धा तास पुरतो. पण ते अकराजण कुठल्या इमारतीत आहेत हे तुमच्या बाँबला कोण सांगणार?” टेबलाखाली जनरलसाहेबांच्या पायांत घरातल्या सपाता होत्या. कॅमेऱ्यात फक्त कमरेच्या वरचं दिसतं, हे त्यांनीच आईंना शिकवलं होतं. दुसऱ्या बुधवारपासून आईही सपाता घालून जायला लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात त्या कुंड्यांना पाणी घालताना गुणगुणायला लागल्या. चौथ्या आठवड्यात अत्तराची नवी बाटली आली. नवऱ्याने मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, “आईला ताप आहे का गं? गाल लाल दिसतायत.”

“ताप नाही,” मी म्हटलं, “बुधवार आहे.”

त्याला काही कळलं नाही. तो दाताचा डॉक्टर आहे; माणसाने तोंड उघडल्याशिवाय त्याला आतलं काही दिसत नाही.

आणि मग तो बुधवार उजाडला. त्या दिवशी शेजारच्या देशाने खलाशांवर खटला भरायची घोषणा केली होती. सगळा देश पेटला होता. मी नेहमीसारखी काचेमागच्या खोलीत, कार्यक्रमाच्या निर्मातीबाईंच्या शेजारी बसले होते. आज टेबल मोडणार, असं म्हणून त्या हात चोळत होत्या. निवेदकाने भोंग्यासारखा आवाज लावला, “जनरलसाहेब, आता तरी हल्ला करायचा की नाही?”

“नाही,” जनरलसाहेब म्हणाले. “बाईंचं म्हणणं मला पटलंय. बोलणी करावीत.”

निर्मातीबाईंची कॉफी मांडीवर सांडली. “पटलंय? पटायला बोलावलंय का यांना?”

निवेदक तर कागदच चाळायला लागला. पण माझं लक्ष आईंकडे होतं. मला वाटलं, त्या खुलतील. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि चष्मा काढला. ही खूण मी ओळखते. नवरा वाद मिटवायला “तू म्हणशील तसं” म्हणतो तेव्हा त्या असाच चष्मा काढतात.

“जनरलसाहेब,” त्या म्हणाल्या, “गेल्या बुधवारी तुम्ही याच्या बरोबर उलटं बोलत होता.”

“हो. आज मत बदललं.”

“असं कसं बदललं? तुमचं म्हणणं काही अगदीच टाकाऊ नव्हतं.” आणि मग आई सुटल्या. “मी जन्मभर ज्या चर्चेच्या टेबलांशी बसले, तिथे समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. माझ्या मागे कोण उभं आहे, ते बघत होता. मागे फौज नसेल तर माझ्या गोड बोलण्याला कोण विचारतंय? उद्या खटला झाला, परवा शिक्षा झाली, तरी आपण बसायचं का टेबलाशी?”

“फौज मागे उभी असणं वेगळं आणि सोडणं वेगळं,” जनरलसाहेबांचा आवाज चढला. “एकदा सोडली की ती तुमच्या हातात राहत नाही.”

“कधीच सोडणार नाही हे त्यांना कळलं, तर तिला घाबरणार कोण?”

“अहो, पण बोलून तर बघा आधी.” जनरलसाहेबांनी शांततेसाठी अशी मूठ आपटली की पाण्याचा ग्लास नाचला.

काचेमागे पडद्यावरची नावं सांभाळणाऱ्या मुलीने बावरून विचारलं, “मॅडम, बाँब आणि बैठकीच्या पाट्या अदलाबदल करू का?” कोणी उत्तर देईना, म्हणून तिने केल्या. तेवढ्यात आई म्हणाल्या की पहिला बाँब टाकायचा सल्ला मात्र मी देणार नाही. तिने पुन्हा फिरवल्या. निर्मातीबाई आता उभ्या राहिल्या होत्या. “जाहिराती,” त्या ओरडल्या, “जाहिराती घ्या, मला श्वास घेऊ द्या.”

प्रेक्षकांना साबणाची जाहिरात लागली. पण स्टुडिओतले माइक चालूच होते आणि आमच्या खोलीत सगळं ऐकू येत होतं.

“मला खूश करायला देशाचं धोरण बदलू नका,” आई म्हणाल्या. “आपलं म्हणणं माझ्यासाठी सोडून देणारा माणूस मला नको. आवडणार नाही मला.”

“तरुणपणी अशीच एक कामगिरी माझ्याकडे होती,” जनरलसाहेब म्हणाले. “आमची नऊ माणसं ओलीस होती. बोलणी चालू होती. मला धीर निघाला नाही, मी परवानगी मागून आत शिरलो. चार परत आणली. मला पदक मिळालं. आज दुपारी बातम्यांत एका खलाशाची आई दाखवली, दारात नुसती उभी होती. म्हणून बोललो. तुमच्यासाठी नाही.”

आईंनी चष्मा पुन्हा घातला.

“आणि तुमच्यासाठी काही बोलायचं असतं,” जनरलसाहेब म्हणाले, “तर सगळ्या देशासमोर कशाला बोललो असतो?”

“मग कुठे बोलला असता?”

“गुरुवारी. कुठेही. गुरुवारी मी मोकळाच असतो.”

“शुक्रवारी?”

“शुक्रवारीसुद्धा.”

आमच्या खोलीत पाट्यांच्या मुलीने माझा दंड धरला होता, आणि निर्मातीबाई डोळे पुसत म्हणत होत्या, “हे दाखवता येत नाही, हे काही दाखवता येत नाही.”

साबण संपला. निवेदक म्हणाला, “पुन्हा स्वागत,” आणि आईंना हसू फुटलं. देशाचे अकराजण अडकलेले आणि ह्या बाई सगळ्यांसमोर खुदखुदतायत. त्यांनी तोंडावर रुमाल धरून त्याचा खोकला केला. जनरलसाहेबांनी पाणी पुढे केलं, पण तेही हसत होते, निम्मं पाणी निवेदकाच्या कागदांवर गेलं. परतताना गाडीत आई खिडकीची काच खाली करून सबंध रस्ताभर वारा खात बसल्या. “जरा जोरात चालव की,” मला म्हणाल्या. एरवी मी चाळीसच्या वर गेले तरी त्या दाराची कडी धरतात.

गुरुवारी आई बाहेर गेल्या. शुक्रवारीही गेल्या. शनिवारी जनरलसाहेब आमच्याकडे जेवायला आले तेव्हा नवऱ्याने त्यांना दारातच ओळखलं. “तुम्ही ते बाँबवाले,” तो म्हणाला. “आईचं नि तुमचं पटत नाही ना?”

“अजिबात नाही,” आई आतून म्हणाल्या. “सरक, त्यांना आत येऊ दे.”

खलाशी त्यानंतर महिन्याभराने सुटले. एका तिसऱ्या देशाने मध्यस्थी केली, बंद दाराआड बोलणी झाली. त्याच दिवसांत आपली दोन जहाजं हद्दीच्या अलीकडे नुसती उभी होती. सुटकेचा सोहळा आम्ही चौघांनी आमच्या सोफ्यावर दाटीवाटीने बसून बघितला. खलाशी एकेक करून शिडीवरून उतरत होते, जनरलसाहेब पुटपुटत मोजत होते. अकरावा धक्क्यावर पाय टेकून उभा राहिला तेव्हा त्यांनी आईंचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. नवरा टीव्ही सोडून त्या हातांकडे बघत राहिला.

“बोलण्याने झालं हे,” आई म्हणाल्या.

“जहाजं बघितली का तुम्ही?” जनरलसाहेब म्हणाले. “केवढाली होती.”

“नुसती उभी होती.”

“तेच तर म्हणतोय मी.”

“तुम्ही नाही, ते मी म्हणत होते.”

नवऱ्याने माझ्या कानाला लागून विचारलं, “हे कधीपासून?” मी त्याला उठवून स्वयंपाकघरात घेऊन गेले. दोघांचं भांडण तिथपर्यंत ऐकू येत होतं, आणि मधूनमधून हसणंही.