काचेमागचं तिसरं नाव

मंजे, तूच म्हणलतीस ना, परळीतले रेडिओवाले जुनी काच ठिवून घेतेत अन् दुसरीच लावून देतेत? म्हणून तर मी रामेश्वरकाकाच्या दुकानात ठाण मांडून बसले. ते म्हणले, "ताई, दोन दिस ठिवून जा." मी म्हणलं, "न्हाई काका, माझ्यासमोर करा."

आमच्या आबांनी जल्मभर मेंढरं वळली, अक्षर एक येत न्हाई. पर रेडिओच्या काचेवर स्टेशनांची सोनेरी नावं छापलीत, त्यातलं तिसरं त्येंना आकारानं वळखू येतं. तिथं काटा आणला की बातम्या. पर वीजकेंद्राच्या उडत्या राखंनं काच अशी मढली की नावच दिसंना. मी निघाले तवा म्हणले, "शिवकन्ये, तेवढं नाव संभाळ."

काकांनी आधी हवेनं राख उडवली. म्हणले, घासली तर तीच राख ओरखडे काढती. मग पुढून ओलं फडकं. मग काच उलटी केली, नावं मागून छापलेली. कापसाची काडी जराशी ओली करून कोपऱ्यातल्या रेघेला टेकवली, तर कापूस पिवळा. झालं, काडी खाली.

"रंग सुटतोय. मागून निस्ता मऊ ब्रश."

"पर काळं तसंच ऱ्हायलं की."

"ऱ्हाऊ द्या."

मला वाटलं, कामचुकार हाय, न्हाईतर काच बदलायची तयारी. ते चहा सांगायला गेले. मी ओढणीच्या टोकाला थुंकी लावली अन् नेमकं तिसऱ्या नावावर फिरवली. राख निघाली. नाव बी निघालं.

काका आले. काचेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् गपचिप काच बसवून दिली. मला अजूनच संशय. हा माणूस गप कावून?

घरी आबांनी काचेवर बोट फिरवलं. "एक, दोन... तिसरं कुठं गेलं? ही आपली काच न्हाई. बदलली त्येनं."

घोंगडी खांद्यावर, काठी हातात. "चल परळीला." भर बाजारात त्या माणसाची अब्रू काढणार होते बघ.

"आबा, थांबा." ओढणीचं टोक पुढं केलं. सोनेरी डाग.

आबांनी त्यो लई येळ बघितला. आत जाऊन मेंढरावर खूण करायचा लाल रंग आणला, काटा हळूहळू फिरवत नेला, बातम्या लागल्या तिथं काचेवर पुढून एक ठिपका दिला. मग माझं मनगट धरलं अन् तिथं बी एक.

"हे कावून, आबा?"

"दुसऱ्याच्या रानात तोंड घालती ती मेंढी कळपात वळखू यावी म्हणून. उद्या जाऊन त्या रामेश्वरला दाखव."

हे बघ, दोनदा साबण लावला, निघंना. चल ना मंजे माझ्यासंगं. तूच म्हणलतीस.