तार उजवीकडे

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी सैल आहे, कोपऱ्याचा रंग उडाला आहे, आणि मी चालू होईपर्यंत एक कप चहा सहज पिऊन होतो. तरीही कोणी भंगार म्हटलेले मला मुळीच खपत नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट आमच्या ताईच्या हाती पडलो. ती तेव्हा कॉलेजात जात होती. तिच्या मैत्रिणींत माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! पुढे तिला नोकरी लागली, नवा लॅपटॉप आला आणि माझी रवानगी कपाटात, जुन्या चादरींच्या खाली झाली. दोन वर्षे मी तिथे रुसून पडलो होतो.

मग ताईची बदली फार लांबच्या शहरात झाली. आईबाबांशी रोज नाही तरी दर रविवारी समोरासमोर बोलता यावे, म्हणून तिने मला बाहेर काढले, पुसले आणि माझ्यावर लिनक्स नावाची हलकी प्रणाली बसवली. अंगावरचे ओझे उतरावे तसे मला हलके वाटले. पण एक पंचाईत झाली. माझा आवाजच फुटेना.

ताईने पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि एक शब्द टाइप केला. आवाजाच्या उभ्या पट्ट्या रांगेने समोर आल्या. मुख्य आवाज पूर्ण वर होता, पण स्पीकरच्या पट्टीखाली दोन एम दिसत होते. म्हणजे ती पट्टी बंद होती. "मेल्या, तोंड शिवून बसलायस होय," ती मला म्हणाली. तिने एमची कळ दाबली, पट्टी वर सरकवली आणि मी बोलू लागलो. आवाज कमीजास्त करण्याच्या कळाही तिने मला शिकवल्या. बंद करून चालू केले तरी हे सारे विसरू नये, अशी तजवीज केली.

आता बाबांविषयी सांगतो. बाबा पुस्तके बांधतात. सुटी पाने दोऱ्याने शिवायची, पुठ्ठ्याला खळ लावायची, कापड चढवायचे, हे त्यांचे काम. ते डावखुरे आहेत, म्हणून खळीची वाटी नेहमी डाव्या हाताशी असते. लहानपणीच्या तापात त्यांचा उजवा कान गेला आणि आता वयामुळे डावाही मंदावला आहे. स्पीकरवरचे त्यांना नीट कळत नसे. म्हणून ताईने एक हेडफोन आणला आणि माझ्या सेटिंगमधला डाव्या-उजव्या आवाजाचा काटा पूर्ण डावीकडे सरकवला. "उजवीकडचा आवाज वायाच जातो ना बाबा. सगळा चांगल्या कानात घ्या," ती म्हणाली. स्वतःच्या हाताने तिने हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. बाबांना तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. मग ताई गेली.

पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. हेडफोनची तार डाव्या बाजूला होती. बोलता बोलता बाबांचे हात कामाला लागले आणि तार खळीच्या वाटीत पडली. बाबांना काम सोडून बोलणे जमत नाही, तेव्हा पुढच्या रविवारी त्यांनी हेडफोन सरळ उलटा घातला. तार उजवीकडे गेली, वाटी वाचली. पण मित्रांनो, तारेबरोबर ताईचा सगळा आवाजही उजवीकडे गेला, बहिऱ्या कानाकडे.

मला सारे दिसत होते. बाबांनी कळ दाबली, मी आवाज वाढवला. शंभर टक्क्यांच्या पुढेही मला जाता येते, तिथवर गेलो. काही उपयोग झाला नाही. बाबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटले, उरलेला कानही गेला. त्यांनी हे कोणालाच सांगितले नाही. ताई बोलली की ते हसत आणि मान डोलावून म्हणत, "हो हो. उत्तम."

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी ताईने विचारले, "बाबा, तुम्ही हल्ली तुटक बोलता. मी इतक्या लांब आले म्हणून रागावलात का?"

"हो हो," बाबा हसून म्हणाले. "उत्तम."

ताईने कॉल बंद केला. त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाचा फार संताप आला.

पुढच्या रविवारी बाबा हेडफोन घालून माझ्यासमोर बसले. ताईचा कॉल आला नाही. तो आईच्या फोनवर, स्वयंपाकघरात आला. आई तशीच फोन घेऊन बाहेर आली आणि तिने बाबांच्या डोक्यावरचा हेडफोन काढला.

"अहो, पोरगी रडतेय. तिच्यावर रागावलोय म्हणालात?"

"मला तिचं ऐकूच येत नाही गं," ते म्हणाले. "महिना झाला. तुझे ओठ दिसतात म्हणून तुझं कळतं, तिचे पडद्यावर धूसर दिसतात. डावाही गेला बघ."

आईने ताईला माझ्यावर कॉल करायला सांगितले आणि हेडफोन स्वतः घातला. दुसऱ्या क्षणी ओरडून काढला. "बाई गं! कानाचे पडदे फाटतील की. आणि आवाज एकाच बाजूनं येतोय. जिकडे तार आहे, तिकडूनच." मग तिने बाबांकडे पाहिले. "आणि तार तुम्ही ठेवता उजवीकडे."

"खळीत पडते ती," बाबा म्हणाले.

ताईने फोनवरून एकेक पायरी सांगितली. आईने आधी आवाज कमी केला. मग सेटिंग उघडून तो काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत, श्वास रोखून, ओढत नेला. माणसाला सरळ करण्यापेक्षा तिने मला उलटे केले, ते मला फार आवडले. बाबांनी तार उजवीकडे ठेवूनच हेडफोन घातला.

"बाबा, ऐकू येतंय?"

बाबांच्या हातातला खळीचा ब्रश खाली पडला.

"बाबा, रागावला होतात माझ्यावर?"

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "नाही."

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, माझ्या पट्ट्या अधूनमधून तपासा, हे तर मी सांगणारच. पण घरातले कोणी तुमच्या प्रत्येक बोलण्यावर हसून "हो हो" म्हणत असेल, तर रागावून उठू नका. जवळ बसा आणि काहीतरी असे विचारा, ज्याचे उत्तर "नाही" असेल.